मार्च मॅडनेस: आधी नंबर, मग जोड

मार्चच्या मध्यावर एका रविवारी संध्याकाळी अमेरिकेत ६८ कॉलेजांची नावं जाहीर होतात आणि सोमवारी सकाळी ऑफिसात एक कागद फिरायला लागतो. न्यू जर्सी असो की बे एरिया, तिथली मराठी मंडळीही पाच-दहा डॉलर टाकून तो भरतात. त्यातल्या बऱ्याच जणांनी बास्केटबॉलचा एक सामनाही अथपासून इतिपर्यंत पाहिलेला नसतो. हा कागद म्हणजे ब्रॅकेट. एनसीएएच्या (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना) पुरुषांच्या डिव्हिजन १, म्हणजे सर्वांत वरच्या स्तरातल्या, स्पर्धेचा, म्हणजेच ‘मार्च मॅडनेस’चा, बाद फेरीचा तक्ता. पहिल्या फेरीपासून अंतिम सामन्यापर्यंत कोण कोणाला हरवणार, हे सगळं चेंडू उडायच्या आधीच लिहून द्यायचं असतं.

सगळं बरोबर येणं विसरूनच जा. ६३ सामन्यांचे दोन-दोन निकाल धरले तर शक्यतांची संख्या १९ आकडी होते: ९२२ आणि त्यापुढे आणखी १६ आकडे. आजवर पडताळलेली सर्वांत लांब मजल २०१९मधली आहे, ओहायोतल्या एका गृहस्थाचे पहिले ४९ सामने ओळीने बरोबर आले होते. तेव्हा आपलं ध्येय माफक ठेवायचं: शेजारच्या टेबलवाल्यापेक्षा कमी चुकायचं.

त्यासाठी कुस्तीच्या फडातला एक शब्द उपयोगी आहे: जोड. फडात जोड लावताना नुसतं वजन बघत नाहीत. कोणाचा कोणता डाव पक्का आहे, समोरच्याकडे त्याची तोड आहे का, दम कोणाचा किती टिकतो, हेही बघतात. ब्रॅकेटमध्ये वजनाच्या जागी सीड नंबर, म्हणजे मानांकन, असतो. तो आधी बघायचाच, पण तिथेच थांबायचं नाही.

तक्ता वाचण्यापुरतं

संघ ६८, विभाग चार, प्रत्येक विभागात १ ते १६ सीड. (चार जादा संघ ओहायोतल्या डेटन शहरात होणाऱ्या ‘फर्स्ट फोर’मध्ये गळतात आणि मुख्य तक्ता ६४चा उरतो. बहुतेक ऑफिसांत ते चार सामने धरत नाहीत.) टेनिसमध्ये फक्त वरच्या काही खेळाडूंना मानांकन मिळतं, इथे प्रत्येकाला नंबर आहे. पहिल्या फेरीतल्या जोड्या पाठ करायची गरज नाही, बेरीज १७ येते एवढं लक्षात ठेवा: १ विरुद्ध १६, ८ विरुद्ध ९, ५ विरुद्ध १२, ४ विरुद्ध १३, अशा. तक्त्यातला क्रमही हाच, म्हणून १ आणि १६मधल्या विजेत्याची गाठ पुढे ८-९मधल्या विजेत्याशी पडते आणि ५-१२चा विजेता ४-१३च्या विजेत्याला भेटतो.

नंबर देते बारा सदस्यांची निवड समिती. समिती मुख्यतः बघते ते ‘आतापर्यंत काय कमावलं’: कोणाला हरवलं, कुठे हरवलं, कोणाकडून हरले. एनसीएएची ‘नेट’ नावाची क्रमवारी २०१८-१९च्या हंगामापासून वापरात आहे. तिच्या आधारे प्रत्येक सामना चारांपैकी एका गटात पडतो. घरच्या मैदानावर पहिल्या ३० संघांपैकी कोणाला हरवलं, तटस्थ मैदानावर पहिल्या ५०पैकी किंवा परक्या मैदानावर पहिल्या ७५पैकी कोणाला हरवलं, तर तो पहिल्या गटातला विजय. पद्धत न्याय्य आहे. पण कमाई आणि ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपला फायदा नेमका त्यांच्यामधल्या फटीत आहे.

पाया: नंबर काय सांगतो

६४ संघांचा तक्ता १९८५पासून आहे. २०२०ची स्पर्धा कोविडमुळे झाली नाही. म्हणजे २०२५पर्यंत ४० स्पर्धा आणि प्रत्येक प्रकारच्या जोडीचे १६० सामने हाताशी आहेत.

१ नंबरवाले त्यातले १५८ जिंकले. हरले ते दोनदाच: २०१८मध्ये यूएमबीसीकडून व्हर्जिनिया (७४-५४) आणि २०२३मध्ये फेअरले डिकिन्सनकडून पर्ड्यू (६३-५८). १५ नंबरवाल्यांनी २ नंबरवाल्यांना ११ वेळा लोळवलंय. १४ नंबरवाला साधारण सातांत एकदा जिंकतो, १३वाला पाचांत एकदा, १२वाला सुमारे ३५ टक्के, ११ आणि १० नंबरवाले ३९ टक्क्यांच्या आसपास. ८-९ म्हणजे नाणेफेक.

यातल्या १२ नंबराभोवती एक ठाम समजूत आहे: ‘दरवर्षी एक तरी १२ जिंकतोच, म्हणून एक लिहायचाच.’ पहिला भाग बऱ्यापैकी खरा आहे. प्रत्येकाची हरण्याची शक्यता ६५ टक्के धरली तर चारही हरण्याची शक्यता १८ टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे ८२ टक्के वेळा कोणीतरी जिंकणार. पण कोण, हे त्यातून कळत नाही. तुम्ही बोट ठेवलेला १२वाला तरीही ३५ टक्क्यांचाच राहतो आणि समोरचा ५वाला ६५चा. शिवाय २०१८ आणि २०२३मध्ये एकही १२वाला जिंकला नाही, आणि नेमक्या त्याच दोन वर्षी १६ने १ला पाडलं!

तेव्हा धक्कादायक निकालांचा कोटा भरू नका. विशिष्ट लढतीत विशिष्ट कारण सापडलं तरच नंबराच्या विरुद्ध जा.

दोन संघ एका मापात आणायचे कसे

एक संघ सामन्याला ८२ गुण करतो, दुसरा ६८. म्हणून पहिल्याचं आक्रमण चांगलं? सांगता येत नाही. पहिला धावत सुटणारा असेल, दुसरा प्रत्येक वेळी घड्याळ संपत आलं की मगच शॉट घेणारा. कॉलेज सामना ४० मिनिटांचा आणि शॉट घेण्यासाठी ३० सेकंद. साधारण संघाच्या वाट्याला ६७-६८ वेळा चेंडू येतो, पण संथ संघाला ६२ आणि वेगवान संघाला ७३-७४ वेळा. म्हणून मोजायचं ते दर ताब्यामागे, किंवा सोयीसाठी दर १०० ताब्यांमागे.

ताबे वेगळे कोणी मोजत नाही, धावफलकावरून काढतात (रिबाउंड म्हणजे हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणं, टर्नओव्हर म्हणजे शॉट न घेताच चेंडू गमावणं, फ्री थ्रो म्हणजे फाउलबद्दल मिळणारा मोकळा शॉट):

ताबे = घेतलेले शॉट − आक्रमणातले रिबाउंड + टर्नओव्हर + ०.४७५ × फ्री थ्रो

समजा ५८ शॉट, १० आक्रमक रिबाउंड, १२ टर्नओव्हर, १८ फ्री थ्रो. उत्तर साडेअडुसष्ट. त्यात ७६ गुण झाले असतील तर १०० ताब्यांमागे १११. आक्रमक रिबाउंड वजा करायचे, कारण आपलाच हुकलेला शॉट आपणच पकडला तर तो नवा ताबा नसतो, जुनाच पुढे चालतो. फ्री थ्रो बहुधा दोन-दोनच्या जोडीने येतात, कधी बास्केटवर एक जादा, म्हणून एकाऐवजी अर्ध्याच्या जवळचा आकडा.

हे हाताने करत बसायची गरज नाही. केन पोमेरॉय यांच्या ‘केनपॉम’ संकेतस्थळावर प्रत्येक संघाचं आक्रमण आणि बचाव दर १०० ताब्यांमागे, प्रतिस्पर्ध्यांच्या ताकदीनुसार दुरुस्त करून दिलेला असतो. वेग, म्हणजे सामन्यातले ताबे, तोही दिलेला असतो. तीन आकडे घ्यायचे आणि असं मांडायचं:

क संघ: आक्रमण ११८, बचाव ९८ (म्हणजे दिलेले गुण, कमी तितके चांगले), वेग ७०. ख संघ: आक्रमण १०८, बचाव १०२, वेग ६४. देशाची सरासरी १०६ आणि वेग ६८ धरू.

क करणार: ११८ + १०२ − १०६ = ११४. ख करणार: १०८ + ९८ − १०६ = १००. वेग: ७० + ६४ − ६८ = ६६. म्हणजे ६६ ताब्यांत अंदाजे ७५-६६, क संघ नऊ गुणांनी पुढे.

नऊ गुण म्हणजे खात्री नव्हे. कॉलेज सामन्यात अंदाज आणि निकाल यांतला फरक साधारण ११ गुणांच्या आसपास पसरतो. त्या हिशेबाने ३ गुणांची आघाडी म्हणजे ६० टक्के विजय, ६ म्हणजे ७०, ९ म्हणजे ८०च्या जवळ, १२ म्हणजे ८६. हा छोटा तक्ता कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

समितीचा नंबर आणि हा हिशेब जिथे एकमेकांशी भांडतात, तिथे थांबा. २०२१मध्ये लोयोला शिकागोला ८ नंबर मिळाला, पण केनपॉमवर तो देशातल्या पहिल्या दहांत होता. लहान कॉन्फरन्समधून (हंगामभर आपसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटातून) आल्यामुळे ‘कमाई’ कमी दिसत होती, इतकंच. दुसऱ्या फेरीत त्यांनी १ नंबरच्या इलिनॉयला ७१-५८ असं हरवलं. तक्त्यावर तो मोठा धक्का दिसतो. दर ताब्याच्या हिशेबाने ती दोन जवळपासच्या संघांची लढत होती.

एकच पहिलवान, दोन उलटे डाव

आता खरी जोड. झॅक ईडी या एका खेळाडूमुळे ही गोष्ट फार स्वच्छ दिसते. उंची ७ फूट ४ इंच. पर्ड्यूचा सगळा खेळ त्याच्याभोवती: बास्केटजवळ त्याला चेंडू द्या, एक जण अडवू शकत नाही, दोघे आले की बाहेर मोकळ्या नेमबाजाकडे पास.

मार्च २०२३, समोर फेअरले डिकिन्सन. डिव्हिजन १च्या ३६३ संघांत सरासरी उंचीने सर्वांत बुटका संघ. खरं तर हा संघ आपल्या कॉन्फरन्सचा अंतिम सामना हरला होता. जिंकलेला मेरिमॅक नुकताच डिव्हिजन २मधून वर आलेला असल्याने नियमानुसार अपात्र होता, म्हणून जागा यांना मिळाली. त्यांनी काय केलं? एक जण ईडीच्या पुढे उभा, म्हणजे पासच पोचू नये. दुसरा पाठीमागून. बाकीचे पर्ड्यूच्या गार्डांना, म्हणजे चेंडू पुढे नेणाऱ्या खेळाडूंना, पूर्ण मैदानभर दाबत राहिले. बाहेरून तीन गुणांचे शॉट? घ्या, हवे तेवढे घ्या. पर्ड्यूने २६ घेतले आणि ५ घातले. टर्नओव्हर १६. ईडीचे २१ गुण आणि १५ रिबाउंड झाले, तरी शेवटच्या नऊ मिनिटांत त्याला एकही शॉट घेता आला नाही.

एप्रिल २०२४, अंतिम सामना, समोर यूकॉन (कनेटिकट विद्यापीठ). तोच ईडी, बहुतांश तोच संघ. पण २०२३मध्ये पहिल्या वर्षाचे असलेले गार्ड आता वर्षभर मुरलेले, आणि संघ हंगामभर तीन गुणांचे शॉट ४० टक्क्यांच्या वर घालत होता. आदल्या वर्षीचा डाव इथे अंगाशी आला असता. यूकॉनचे प्रशिक्षक डॅन हर्ली यांनी उलटं केलं. ७ फूट २ इंचांचा डॉनोव्हन क्लिंगन एकटा ईडीवर सोडला आणि बाकी चौघांना नेमबाजांपासून हलू दिलं नाही. ईडीने २५पैकी १५ शॉट घातले, ३७ गुण केले. आणि पर्ड्यू हरले, ७५-६०. बाकी सगळ्यांचे मिळून २३ गुण. संपूर्ण सामन्यात तीन गुणांचे शॉट घेतले फक्त ७, पडला १.

दोन्ही डाव बरोबर होते. म्हणून ‘या संघाकडे ईडीला अडवणारा आहे का?’ हा प्रश्नच अपुरा आहे. विचारायचं असं: हा संघ कशावर जगतो, समोरच्याकडे ते तोडायची माणसं आहेत का, आणि ते तोडताना जे मोकळं सुटेल ते याला वापरता येईल का? फेअरले डिकिन्सनकडे क्लिंगन नव्हता, तेव्हा त्यांना दुसरा मार्गच नव्हता. यूकॉनकडे होता, म्हणून त्यांना निवड करता आली. मोठा संघ मोठा असतो तो बऱ्याचदा याच अर्थाने.

चार ठिकाणी बोट ठेवायचं

डीन ऑलिव्हर यांनी बास्केटबॉलचा निकाल चार घटकांत मांडला आणि आज सगळे विश्लेषक तिथूनच सुरुवात करतात. प्रत्येक घटक आक्रमणाचाही असतो आणि बचावाचाही, म्हणून एका संघाचं आक्रमण दुसऱ्याच्या बचावासमोर ठेवून वाचायचं.

पहिला आणि सर्वांत वजनदार: नेमबाजी. तीन गुणांच्या बास्केटला दीडपट मोल द्यायचं. ६० शॉट, २६ पडले, त्यातले ८ तीन गुणांचे: (२६ + ४) ÷ ६० = ५० टक्के. कॉलेजची सरासरी याच्याच आसपास आहे. ५५ म्हणजे उत्तम. बचावाच्या बाजूने हा आकडा वाचताना मात्र एक खड्डा आहे. ‘आमच्यासमोर प्रतिस्पर्धी तीन गुणांचे शॉट फक्त २९ टक्के घालतात’ हा बहुतेकदा बचावाचा गुण नसतो, नशिबाचा असतो. हाताबाहेर गेलेला चेंडू पडेल की नाही, यावर बचावाचा ताबा फार थोडा. ताबा असतो तो प्रतिस्पर्ध्याला असे शॉट मुळात किती घेऊ द्यायचे यावर. तेव्हा बचावाची टक्केवारी सोडा, संख्या बघा. यूकॉनने पर्ड्यूला सात शॉटांवर आणलं, ते बचावाचं काम.

दुसरा: टर्नओव्हर, म्हणजे शॉट न घेताच चेंडू गमावणं. शंभरांत १७ ही साधारण सरासरी. १४च्या खाली असलेला संघ नीटनेटका, २०च्या वर गेलेला गळका. दाबून खेळणारा संघ समोर असेल तर गार्ड कोण, कितव्या वर्षाचे, हे नक्की बघा. चेंडू सांभाळणारा भरवशाचा गार्ड एकच असेल आणि त्याला दुसऱ्या मिनिटाला दोन फाउल लागले, तर सगळा अंदाज बदलतो. कॉलेजमध्ये पाच फाउलना खेळाडू बाहेर जातो, एनबीएसारखे सहा मिळत नाहीत.

तिसरा: आक्रमणातले रिबाउंड. आपल्या हुकलेल्या शॉटांपैकी किती आपणच उचलले? सरासरी ३० टक्क्यांच्या थोडं खाली. केल्विन सॅम्पसन यांचा ह्यूस्टन संघ कित्येक वर्षं यावरच उभा आहे: शॉट पडला नाही तरी चिंता नाही, दुसरी संधी आमचीच. असा संघ झोन बचाव करणाऱ्यासमोर आला तर त्याचं फावतं, कारण झोनमध्ये प्रत्येक बचावपटूच्या वाट्याला जागा येते, ठरावीक माणूस नाही. शॉट उडाल्यावर कोणी कोणाला अडवायचं यात घोळ होतो.

चौथा, फ्री थ्रो, वजनाने सर्वांत हलका, पण अटीतटीच्या सामन्यात तोच बोलतो. प्रतिस्पर्ध्याने सामन्याच्या एका अर्धात सात फाउल केले की बोनस सुरू: पहिला फ्री थ्रो पडला तरच दुसरा मिळतो. दहा फाउलनंतर सरळ दोन. २००८चा अंतिम सामना आठवा. मेम्फिस सव्वादोन मिनिटं उरली असताना नऊ गुणांनी पुढे होता. हंगामभर हा संघ फ्री थ्रो ६१ टक्क्यांच्या आसपासच घालत होता आणि इतर सगळ्यात इतका भारी होता की ते कोणाला जाणवलं नाही. शेवटच्या मिनिटाभरात हुकले, कॅन्ससच्या मारिओ चाल्मर्सने तीन गुणांचा शॉट घालून बरोबरी केली आणि जादा वेळेत कॅन्सस ७५-६८ जिंकला.

दुबळ्याने काय करावं

वीस षटकांच्या क्रिकेटमध्ये दुबळा संघ बलाढ्याला हरवू शकतो, पाच दिवसांच्या कसोटीत क्वचित. डाव जितका छोटा, तितका नशिबाला वाव. बास्केटबॉलमध्ये डाव छोटा करायचा म्हणजे ताबे कमी करायचे, संथ खेळायचं. दुबळ्यासाठी हा सल्ला बरोबर आहे, पण त्याचं जरा जास्तच कौतुक होतं. वरच्याच हिशेबात दर १०० ताब्यांमागे १४ गुणांचा फरक ७५ ताब्यांच्या सामन्यात बलाढ्याला सुमारे ८२ टक्के विजय देतो, ६० ताब्यांत ७९. तीन टक्क्यांची गंमत.

उलट बाजूने मात्र विचार करण्यासारखा आहे: बलाढ्य संघ स्वतःच संथ असेल तर तो आपली चूक दुरुस्त करायला जागाच ठेवत नाही. २०१८चा व्हर्जिनिया देशातला सर्वांत संथ खेळणारा संघ होता. यूएमबीसीविरुद्ध मध्यंतराला २१-२१. दुसऱ्या अर्धात समोरचे पेटले, आणि पिछाडी भरून काढायला लागणारा वेगवान खेळ व्हर्जिनियाकडे नव्हताच. (हाच संघ पुढच्या वर्षी त्याच संथ चालीने विजेता झाला. तेव्हा संथ म्हणजे वाईट असंही नाही.)

दुबळ्याचं खरं हत्यार तीन गुणांचा शॉट आहे. ३४ टक्के घालणारा संघ ३० शॉट घेतो तेव्हा सरासरी १० पडतात. पण दर पाच-सहा रात्रींत एकदा १३ किंवा जास्त पडतात, म्हणजे फुकटचे आठ-नऊ गुण. वर क संघाची आघाडी किती होती? नऊ. यूएमबीसीने त्या रात्री २४पैकी १२ घातले. २०२४मध्ये मिशिगनच्या ओकलंड विद्यापीठाने ३ नंबरच्या केंटकीला ८०-७६ हरवलं, तेव्हा जॅक गोल्की या एका खेळाडूने तीन गुणांचे १० शॉट घातले. नशीब? काही अंशी. पण केंटकीचं आक्रमण अव्वल आणि बचाव कच्चा आहे हे हंगामभर आकड्यांत दिसत होतं, आणि गोल्की याशिवाय दुसरे शॉट जवळपास घेतच नाही हेही. १३-१४ नंबरचा संघ निवडायचाच असेल तर असा निवडा: भरपूर तीन गुणांचे शॉट घेणारा, चेंडू न गमावणारा, आणि समोर एका बाजूने लंगडा बलाढ्य.

नवख्यांना लहान संघाचं फार अप्रूप असतं, म्हणून एक सावधगिरीही सांगायला हवी. २०२५मध्ये शेवटच्या १६ संघांतले सगळे चार बड्या कॉन्फरन्समधले होते आणि दोन आकडी नंबरचा एकच, १० नंबरचा आर्कान्सॉ. उपांत्य फेरीत चारही १ नंबरवाले पोचले. याआधी असं फक्त २००८मध्ये झालं होतं. खेळाडूंना आता कॉलेज बदलणं सोपं झालंय आणि त्यांच्या नावाचे पैसेही मिळतात, त्यामुळे लहान कॉलेजात चमकलेला मुलगा पुढच्या वर्षी मोठ्या संघात दिसतो. फ्लोरिडाला २०२५चं विजेतेपद मिळवून देणारा वॉल्टर क्लेटन आधी आयोना या छोट्या कॉलेजकडून खेळायचा. जुन्या ४० वर्षांच्या सरासरीतून यामुळे थोडं कापून घ्यायला हरकत नाही.

कागदावर न दिसणारं

दुखापत सर्वांत आधी. व्हर्जिनियाचा डिआंद्रे हंटर २०१८च्या स्पर्धेच्या तोंडावर मनगट मोडून बाहेर बसला होता. महिलांच्या स्पर्धेत १६ने १ला एकदाच हरवलंय, १९९८मध्ये हार्वर्डने स्टॅनफर्डला, आणि स्टॅनफर्डच्या दोन प्रमुख खेळाडू नुकत्याच जायबंदी झाल्या होत्या. हंगामाचे आकडे पूर्ण संघाचे असतात, मैदानात उतरणारा संघ तो नसतो. बुधवारी रात्री बातम्या बघितल्याशिवाय कागद देऊ नका. (महिलांचा ब्रॅकेटही भरत असाल तर नियम वेगळा: तिथे पहिले १६ संघ पहिल्या दोन फेऱ्या घरच्या मैदानावर खेळतात, म्हणून तिथे नंबराला जास्त मान द्या.)

दुसरं, तयारीचा वेळ. पहिल्या फेरीसाठी तीन-चार दिवस मिळतात, दुसऱ्या फेरीआधी मध्ये एकच दिवस. चमत्कारिक पद्धतीने खेळणारा संघ त्या दुसऱ्या सामन्यात जास्त धोकादायक. जिम बोहाइम यांच्या सिरॅक्यूजचा झोन बचाव यासाठीच कुप्रसिद्ध होता: २०१६मध्ये १० नंबरवरून उपांत्य फेरी, २०१८मध्ये ११ नंबरवरून, तेही डेटनचा सामना खेळून, शेवटचे १६.

मैदान म्हणायला तटस्थ, पण वरच्या चार नंबरांना समिती शक्यतो घराजवळ पाठवते. शहर आणि अंतर बघा, एक-दोन गुणांपेक्षा जास्त वजन देऊ नका.

एकेक सामना नव्हे, सगळा कागद

आता हे सगळं कागदावर उतरवायचं तर शेवटाकडून सुरुवात करा. प्रचलित गुणपद्धतीत पहिल्या फेरीला १, मग २, ४, ८, १६, ३२. प्रत्येक फेरीचे एकूण गुण ३२च. पहिल्या फेरीतला तुमचा तो देखणा १२ नंबरचा अंदाज १ गुणाचा आहे. विजेता बरोबर आला तर त्या एका संघामागे ६३. सगळी मेहनत १-१ गुणावर घालवून विजेता गडबडीत लिहिणारे दरवर्षी दिसतात.

विजेता निवडताना सहाही पायऱ्या गुणून बघा. चांगल्या १ नंबरवाल्याची शक्यता समजा अशी: ९८, ८५, ७२, ६५, ५८, ५२ टक्के. प्रत्येक सामन्यात तोच वरचढ, तरी गुणाकार येतो सुमारे १२ टक्के. म्हणून वाट बघायची: दुसऱ्या फेरीत लोयोलासारखा चुकीच्या नंबराचा संघ आडवा आहे का, विभागातला २ नंबरवाला नेमका याच्या दुखऱ्या जागी बोट ठेवणारा आहे का. विजेता बहुधा आक्रमण आणि बचाव दोन्हींत वरच्या वीसेकांतला असतो. २०१४मध्ये ७ नंबरवरून जिंकलेला यूकॉन हा अपवाद.

आणि मग स्पर्धक किती, ते मोजा. दहा जणांत जो सर्वांत बलवान वाटतो तोच लिहा. शंभर जणांत गणित बदलतं. समजा एका संघाची जिंकण्याची शक्यता २२ टक्के आहे, पण तो ४० जणांनी लिहिलाय. दुसऱ्याची १४ टक्के, पण लिहिणारे ६. पहिला जिंकला तर तुम्हाला आणखी ३९ जणांशी भांडायचंय, दुसरा जिंकला तर पाच जणांशी. मोठ्या गटात दुसरा घ्यावा. कोणता संघ किती टक्के लोकांनी निवडला, हे ईएसपीएनसारख्या संकेतस्थळांवर उघड दिसतं.

कागद बंद होतो गुरुवारी दुपारी, पहिला चेंडू उडतो तेव्हा. सव्वाबाराचा सामना भारतात त्या रात्री पावणेदहाला दिसतो. त्याआधी तळाशी एक रकाना राहतो: बरोबरी झाल्यास अंतिम सामन्याचे एकूण गुण. बरेच जण तिथे १५०-१६० ठोकून देतात. २०२२ ते २०२५चे खरे आकडे १४१, १३५, १३५ आणि १२८ होते. तिथवर पोचणारे संघ बचावात भक्कम असतात आणि सामना फुटबॉलच्या अवाढव्य स्टेडियममध्ये होतो. वरच्या सूत्राने आकडा काढा आणि त्यातून चार-पाच कमी करून लिहा.